हप्ता भरला त्याचंच घर?

लग्न न करता एकत्र राहणारं जोडपं वेगळं व्हायला निघालं की पहिल्या दोन-चार दिवसांतच एक वाक्य कानावर पडतं: "हप्ते मी भरलेत." त्याचं उत्तरही ठरलेलं: "आणि घर कोण चालवत होतं?" बहुतेकदा दोन्ही वाक्यं खरी असतात. पहिल्याचा पुरावा बँकेच्या स्टेटमेंटमध्ये ओळीने छापलेला असतो. दुसऱ्याचा पुरावा खाऊन-पिऊन, धुऊन-पुसून कधीच संपलेला असतो.

मधे पडणारी मंडळी मग दोनपैकी एक तोडगा पुढे करतात. निम्मं-निम्मं करा आणि मोकळे व्हा, हा एक. ज्याचे पैसे त्याचं घर, हा दुसरा. दोन्ही ऐकायला सोपे आहेत आणि दोन्ही आळशी आहेत. पहिला, एकाने आयुष्यभराची शिल्लक घरात ओतली हे विसरतो. दुसरा, दुसऱ्याने बाकीचा सगळा खर्च उचलला म्हणूनच ती शिल्लक आणि ते हप्ते शक्य झाले, हे विसरतो. आमचं म्हणणं असं: घर घेताना घातलेलं भांडवल ज्याचं त्याला, भाव वाढला असेल तर वाढीसकट आणि पडला असेल तर घटीसकट परत जावं, त्यानंतर जे उरेल ते, संसार एका चुलीवर चालला असेल तर, निम्मं-निम्मं व्हावं. आणि वेगळा करार केलेला नसेल तेव्हा कायद्याचा मूळ नियमही हाच असावा.

आकडे मांडल्याशिवाय यातलं काही पटणार नाही. घराची किंमत १०० धरू. पहिल्या जोडीदाराने १५ घातले, दुसऱ्याने ५, आणि दोघांच्या सहीने ८० चं कर्ज काढलं. व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ०.७२ येतो. पाच वर्षांत हप्त्यांपोटी ४३ भरले जातात. त्यातलं मुद्दल किती फिटलं असेल? फक्त ९. उरलेले ३४ व्याजात गेले. आता "हप्ते मी भरलेत" या वाक्याचं वजन करून पाहा. ४३ भरले हे खरं, पण घरात साठले ते ९. बाकीचे ३४ म्हणजे दोघं ज्या छपराखाली राहिले त्याचं एका अर्थी भाडंच. तेवढ्या काळात दुसऱ्याने किराणा, वीज, देखभाल खर्च, प्रवास, आजारपण असं पाहिलं असेल, तर त्यानेही त्याच छपराखालचा संसार चालवला. एकाच्या खर्चाला गुंतवणूक म्हणायचं आणि दुसऱ्याच्या खर्चाला खर्च, हा निव्वळ पावतीचा खेळ झाला.

पाच वर्षांनी घराला १३० मिळाले असं समजू. कर्ज ७१ बाकी, विक्रीचा खर्च २. हातात उरतात ५७. सरसकट निम्मं केलं तर दोघांना २८.५. सुरुवातीला घातलेल्या रकमेच्या प्रमाणात, म्हणजे तीनास एक, वाटलं तर पहिल्याला ४२.७५ आणि दुसऱ्याला १४.२५. आम्ही सुचवतो त्या रीतीने पहिल्याचे १५ वाढून १९.५ होतात आणि दुसऱ्याचे ५ वाढून ६.५. हे २६ बाजूला काढले की ३१ उरतात, प्रत्येकी १५.५. शेवटी पहिल्याला ३५, दुसऱ्याला २२.

कर्जाच्या पैशातून झालेली वाढ निम्मी का, असा प्रश्न इथे येतो. कारण त्या ८० ची जोखीम दोघांनी सारखी घेतली. हप्ता थकला असता तर बँकेने दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागितली असती. निम्मी-निम्मी नव्हे, पूर्ण. ज्याने बुडण्याची जोखीम घेतली त्याला तरण्याचा वाटा मिळायला हवा.

कुठलाही नियम भाव पडल्यावर तपासावा. वाढत्या भावात सगळेच नियम शहाणे दिसतात. समजा घराला १०० ऐवजी ८५ च आले. कर्ज आणि खर्च वजा जाता हातात १२. "माझे १५ मला आधी परत द्या" हा नियम इथे कोसळतो, कारण पहिला सगळे १२ घेऊनही तक्रार करत राहील आणि दुसरा आपले ५ गमावून रिकाम्या हाताने बाहेर पडेल. आमच्या रीतीने पहिल्याचे १५ घटून १२.७५ होतात, दुसऱ्याचे ५ घटून ४.२५. मिळून १७, म्हणजे ५ ची तूट, ती दोघांत निम्मी. पहिल्याला १०.२५, दुसऱ्याला १.७५. कुणीच खूश होणार नाही, पण तोटा दोघांनी वाटून घेतला.

"एका चुलीवर" ही अट मात्र कळीची आहे. काही जोडपी पहिल्या दिवसापासून पै-पैचा हिशेब वेगळा ठेवतात, प्रत्येक बिल फोडतात, महिनाअखेरीला देणंघेणं मिटवतात. त्यांचा संसार एका चुलीचा नाही, आणि त्यांनी घरही घातलेल्या पैशाच्याच प्रमाणात वाटावं. मधली गोष्ट अवघड असते: खर्च निम्मा-निम्मा, पण कमाई दोनास एक. कागदावर ही बरोबरी दिसते. प्रत्यक्षात कमी कमावणाऱ्याची शिल्लक शून्यावर राहते आणि जास्त कमावणाऱ्याची फुगते. आमच्या मते, ज्याने कमाईच्या प्रमाणात भार उचलला त्याने पूर्ण भार उचलला असंच मानायला हवं. मुलाबाळांसाठी किंवा घरच्या आजारी माणसासाठी ज्याने नोकरी सोडली, त्याच्या बाबतीत तर हे सांगायचीही गरज पडू नये.

दोन जागी हिशेब नेहमी बिघडतो. पहिली म्हणजे दुरुस्ती आणि सजावट. स्वयंपाकघर नव्याने करायला १० लागले म्हणून घराची किंमत १० ने वाढत नाही. कधी चारने वाढते, कधी अजिबात नाही. वाटणीत खर्च धरायचा नाही, वाढलेली किंमत धरायची. म्हणून मूल्यांकनकाराला दोन आकडे विचारावेत, आहे तसं घर आणि ते काम नसतं तर, आणि फरक काम करणाऱ्याच्या बाजूला लिहावा. रंग, गळती, नळ यांसारखी नेहमीची देखभाल यात आणू नये. ती राहण्याची किंमत आहे. दुसरी जागा म्हणजे आई-वडिलांनी दिलेले पैसे. देताना "तुम्हा दोघांना" म्हणून दिलेली रक्कम नातं तुटताच "आम्ही आमच्या लेकराला उसने दिले होते" अशी होते. पैसे आले त्याच आठवड्यात एका ओळीचं पत्र लिहून ठेवावं: भेट की कर्ज, आणि भेट असेल तर एकाला की दोघांना. वेगळं झाल्यावर लिहिलेल्या पत्राची किंमत शून्य.

कायदे याबाबतीत कुठे उभे आहेत? स्वीडनमध्ये २००३ पासून लागू असलेल्या कायद्याप्रमाणे, एकत्र राहण्यासाठी म्हणून घेतलेलं घर आणि घरातलं सामान कर्ज वजा करून दोघांत सारखं वाटलं जातं. आधीपासून एकाचं असलेलं घर त्यात येत नाही, बचत येत नाही. नको असेल तर लेखी करार करून या नियमाबाहेर राहता येतं. न्यूझीलंड त्याही पुढे गेलं. तिथे फेब्रुवारी २००२ पासून, तीन वर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्याचं राहतं घर सर्वसाधारणपणे निम्मं होतं, ते एकाने नातं जुळण्याआधी घेतलेलं असलं तरी. हे आम्हाला जास्तच वाटतं. तीन वर्षांच्या सहवासाने आधीच्या वीस वर्षांची कमाई निम्मी व्हावी याला न्याय म्हणणं जड जातं. पण तिथली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. वेगळा करार करायचा तर दोघांनी आपापला स्वतंत्र वकील घ्यावा लागतो, आणि त्या वकिलाने परिणाम समजावून सांगितल्याचं लिहून द्यावं लागतं.

इंग्लंडमध्ये असा कायदा नाही. तिथे न्यायालय दोघांच्या मनात काय होतं ते शोधत बसतं. 'स्टॅक विरुद्ध डाउडन' खटल्यात २००७ साली दोघांच्या नावावरचं घर ६५:३५ असं वाटलं गेलं. 'जोन्स विरुद्ध कर्नॉट' मधलं घर १९८५ साली दोघांच्या नावाने घेतलं होतं, त्यातला पुरुष १९९३ मध्ये बाहेर पडला, आणि वाटा ९०:१० हा निकाल पक्का झाला २०११ मध्ये. मधल्या अपिलात तोच वाटा ५०:५० ठरला होता. चार पायऱ्यांच्या न्यायालयांना जे एकमताने सांगता आलं नाही, ते जोडप्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर भांडून ठरवावं अशी अपेक्षा आपण करतो.

भारतात चित्र आणखी विस्कळीत आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने विवाहासारख्या नात्यातल्या स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, आणि 'विवाहासारखं नातं' म्हणजे काय याच्या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० आणि २०१३ च्या निकालांत घालून दिल्या. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, आणि या दोन गोष्टींची गल्लत रोज होते. मालकीसाठी मालमत्ता हस्तांतरण कायद्याकडे जावं लागतं. त्याचं ४५ वं कलम सांगतं, की दोघांनी मिळून मोबदला देऊन मालमत्ता घेतली तर वाटा ज्याने जेवढे दिले त्या प्रमाणात. कुणी किती दिले याचा पुरावाच नसेल तर सारखा. कायदा १८८२ चा आहे. त्याला पैसा दिसतो, चूल दिसत नाही.

सगळ्यात मोठा खड्डा मात्र बेनामी व्यवहारांच्या कायद्यात आहे. स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून पती किंवा पत्नीच्या नावावर घर घेतलं तर तो व्यवहार बेनामी ठरत नाही. लग्नाशिवायच्या जोडीदाराला ही सूट नाही. पैसे एकाचे, खरेदीखत फक्त दुसऱ्याच्या नावावर, असं केलं असेल तर पैसे देणाऱ्याला "खरं घर माझं" म्हणून दावा लावायची वाटच बंद होऊ शकते. शिवाय जप्तीची टांगती तलवार. त्यामुळे कर्ज लवकर मिळावं, कर वाचावा, घरच्यांना कळू नये अशा कारणांनी "तुझ्या एकाच्या नावावर घेऊ" असं ठरवणं हा प्रेमातला सर्वांत महाग निर्णय ठरतो. दोघांची नावं खरेदीखतावर हवीत आणि कुणी किती रक्कम दिली हे त्याच खतात, बँकेच्या व्यवहारांच्या तारखांसह हवं.

घर एकाने ठेवायचं ठरलं की बहुतेकांची गाडी उलट्या क्रमाने धावते. आधी हक्कसोडपत्र होतं आणि कर्जाचं "नंतर बघू". मग होतं असं: बाहेर पडलेल्याची घरावरची मालकी गेली, पण कर्जावरची सही राहिली. दोन वर्षांनी समोरच्याचे हप्ते थकले की बँकेचा फोन याला येतो, पत घसरते, नवीन कर्ज नाकारलं जातं. दोघांनी आपसात स्टॅम्पपेपरवर काहीही लिहिलं तरी बँकेवर ते बंधनकारक नाही. क्रम असा हवा: घर ठेवणाऱ्याने एकट्याच्या उत्पन्नावर बँकेकडून लेखी मंजुरी आणायची किंवा कर्ज दुसरीकडे हलवायचं, आणि मग सहकर्जदाराचं नाव काढल्याचं पत्र, वाट्याची रक्कम आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र हे तिन्ही एकाच दिवशी हातात पडायला हवं. मुद्रांक शुल्काचाही आधी अंदाज घ्यावा, कारण कुटुंबीयांमधल्या हस्तांतरणाला ज्या सवलती असतात त्या इथे गृहीत धरता येत नाहीत. एकट्याच्या पगारावर बँक मंजुरी देत नसेल, तर "घर मीच ठेवणार" ही इच्छा आहे, तोडगा नाही. मग घर विकायचं.

किंमत ठरवताना दोन स्वतंत्र मूल्यांकनं घ्यावीत. फरक पाच टक्क्यांच्या आत असला तर सरासरी, जास्त असला तर तिसरं मूल्यांकन आणि एकमेकांच्या जवळच्या दोन आकड्यांची सरासरी. "तू किंमत सांग, त्या किमतीला घ्यायचं की द्यायचं ते मी ठरवीन" हा डाव वरवर फार चोख दिसतो. दोघांची ऐपत सारखी असेल तर तो चोख आहेच. पण एकाकडे पैसा असेल आणि दुसऱ्याकडे नसेल, तर पैसेवाला मुद्दाम कमी किंमत बोलतो, कारण समोरचा विकत घेऊच शकत नाही हे त्याला ठाऊक असतं. हा डाव खेळायचाच तर निवड करणाऱ्याला कर्जाची जुळवाजुळव करायला निदान ९० दिवस हवेत. आणखी एक बारकावा: एकजण घर ठेवत असेल तर न झालेल्या विक्रीची दलाली आणि खर्च वजा करू नयेत. असं करून बाहेर पडणाऱ्याच्या वाट्यातून दोन-तीन टक्के सहज कापले जातात.

एक बाहेर पडला आणि घर विकायला वर्ष लागलं, तर त्या वर्षाचं काय? राहणारा म्हणतो सगळे हप्ते मी भरले. गेलेला म्हणतो, माझ्या अर्ध्या घरात फुकट राहिलास. काटेकोर हिशेब करता येतो, पण बहुतेकदा एक ढोबळ नियम पुरतो. राहणाऱ्याने त्या काळातलं व्याज एकट्याने सोसावं, त्या बदल्यात भाडं देऊ नये. फिटलेल्या मुद्दलाचा निम्मा भाग मात्र वाटणीच्या वेळी त्याला परत मिळावा. वरच्या उदाहरणात पाच वर्षांनंतर ०.७२ च्या हप्त्यात मुद्दल जेमतेम ०.१९ असतं, म्हणजे भांडण महिन्याला ०.०९५ चं आहे. हा आकडा कागदावर दिसला की आवाज खाली येतात. याला अपवाद एकच: मारहाण किंवा धमकी यामुळे कुणाला घर सोडावं लागलं असेल तर हा नियम लावू नये. त्याने भाड्याचा निम्मा भाग जरूर मागावा. घर सोडल्याने मालकी जात नाही. घाईत केलेल्या सहीने जाते.

भाड्याच्या घराचा प्रश्न त्यामानाने लहान. करार कुणाच्या नावावर आहे, अनामत कुणी भरली, आणि सूचनेच्या मुदतीतलं भाडं कुणाचं, एवढंच. अनामत ज्याने भरली त्याला, घराच्या नुकसानीची कपात निम्मी-निम्मी, आणि सूचनेच्या मुदतीचं भाडं, दोघांनी मिळून घर सोडायचं ठरवलं असेल तर, दोघांचं. सामानासाठी एकाने दोन ढीग करावेत आणि दुसऱ्याने त्यातला एक निवडावा. फ्रिजची किंमत आज जुन्या बाजारात जी मिळेल ती, विकत घेतली ती नव्हे.

मग सार्वजनिक धोरण काय हवं? उत्तराखंडच्या समान नागरी कायद्याने लिव्ह-इन नात्यांची नोंदणी सक्तीची केली आणि सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी मागण्याचा हक्क दिला. शासनाला नात्याची नोंद हवी आहे. घराच्या वाट्याची नोंद मात्र कुणी मागत नाही. आम्ही उलट मागतो. कोण कुणाबरोबर राहतं हा शासनाच्या रजिस्टरचा विषय नाही. पण एकमेकांशी लग्न न झालेल्या दोन व्यक्ती मिळून राहतं घर घेत असतील, मग ते जोडपं असो, मित्र असोत की बहिणी, तर खरेदीखत नोंदवताना वाट्याचा रकाना भरल्याशिवाय दस्त पुढे जाऊ नये. इंग्लंडमधल्या हस्तांतरणाच्या फॉर्मवर असा रकाना आहे, पण तो रिकामा सोडला म्हणून व्यवहार अडत नाही, आणि मग न्यायालयांना मनातलं शोधत फिरावं लागतं.

"घर घेतानाच वाटणीचं बोलायचं म्हणजे अविश्वास," हा आक्षेप येणारच. तीच जोडपी त्याच टेबलावर बँकेच्या पन्नास पानी करारावर सह्या करत असतात. हप्ता थकला तर घर कसं जप्त होईल हे त्यात सविस्तर लिहिलेलं असतं, आणि बँकेवर कुणी रुसत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पहिल्या दिवशी लिहिलेला वाटा दहा वर्षांनी अन्यायाचा होऊ शकतो. नोकरी जाते, मूल होतं, एकजण दुसऱ्याच्या शिक्षणाचा खर्च उचलतो. म्हणून रकान्यात निव्वळ टक्केवारी नको. चार गोष्टी हव्यात: कुणी किती भांडवल घातलं, कर्जाची जबाबदारी कुणाची, हप्ता आणि घरखर्च एकाच चुलीतला मानायचा की वेगळा, आणि एकाला घर ठेवायचं असेल तर किती दिवसांत पैसे द्यायचे. उत्पन्नात मोठा बदल झाला की दोघांच्या सहीने पुरवणी जोडायची सोय हवी, आणि तिला नाममात्र शुल्क हवं. पुरवणीला पूर्ण मुद्रांक शुल्क लावलं तर ती कुणीच करणार नाही, आणि रकान्यात पहिल्या दिवशीचा आकडा पिवळा पडत राहील.